रहिवासी: मासोने

जेनोवात ज्या ज्या घरी नळाला गरम पाणी येतं, त्या घरानं एकदा तरी जेलिंदो ओत्तोनेल्लोचं तोंड पाहिलेलं असतं. असं तो स्वतःच सांगायचा, पण ते फारसं खोटं नव्हतं. आठवीत शाळा सोडली, सोळाव्या वर्षी पाना घेऊन डोंगरातल्या मासोने गावाहून शहरात उतरला, आणि बंदरापासून वरच्या टेकडीपर्यंत बॉयलर लावत सुटला. दुसरे लोक दोन दिवस खटपट करून हात टेकायचे, मग म्हणायचे, त्या मासोनेवाल्याला बोलवा. हा यायचा, बॉयलरला कान लावायचा, आणि एक आटा फिरवून मोकळा व्हायचा.

"आमच्याकडे पूर्वी खिळे करायचे," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "घराघरात भट्टी. आमची माणसं मुळातच लोखंडाची."

असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, सप्टेंबरात, एक निळी बॅग घेऊन टेकडीवरच्या यूथ हॉस्टेलच्या काउंटरपुढे उभा राहिला.

घर बायकोच्या, लोरेदानाच्या नावावर होतं, तिच्या वडिलांचं. कोर्टात कुणी आवाज चढवला नाही. वकिलानं सहीला पेन दिलं ते उठेना, म्हणून दुसरं दिलं. एकतीस वर्षांचा संसार मिटायला जो काही उशीर झाला तो तेवढाच.

हॉस्टेलच्या काउंटरमागे पाटी होती: या शहराच्या रहिवाशांना इथे जागा मिळणार नाही. नियम जुना होता. नाहीतर घरी भांडलेला प्रत्येक माणूस उशी घेऊन वर आला असता. काउंटरवरच्या मिरेल्लाबाईंनी जेलिंदोचं ओळखपत्र उघडलं. कागदी, दुमडून दुमडून मऊ पडलेलं. त्यावर लिहिलं होतं, रहिवासी: मासोने.

"पर्यटक?" मिरेल्लाबाईंनी विचारलं. त्याचा उच्चार तर पक्का जेनोवाचा होता.

"पर्यटक," जेलिंदो म्हणाला.

बाईंनी चादरी त्याच्या हातात ठेवल्या.

त्याचं झालं होतं असं. बेचाळीस वर्षं शहरात राहून यानं आपला रहिवास कधी बदललाच नव्हता. कागदावर तो अजून आईच्या घरातच होता. धाकटा भाऊ फिओरेंझो त्याच्या मागे लागून थकला होता, दादा, जेनोवाला रहिवास कर, कायद्यानं तेच बरोबर आहे. जेलिंदो म्हणायचा, "मी मासोनेचा. जेनोवाला मी फक्त कामाला येतो." बेचाळीस वर्षांची ही ऐट आता अशी कामी आली होती.

खोली आठ नंबरची, पलंग सहा, एकावर एक. त्याला खिडकीजवळचा खालचा मिळाला. सकाळी दहाला सगळ्यांना बाहेर काढायचे, खोल्या झाडायच्या म्हणून, ते दोनला परत आत. त्याला काही फरक पडत नव्हता, तो आठलाच कामावर जायचा. न्याहारीला कडक टोस्ट आणि जॅमची पाकिटं. तो ती पाकिटं बाजूला सारायचा आणि खालच्या बेकरीतून आणलेला तेलानं चमकणारा फोकाच्चा पाव दुधाच्या कॉफीत बुडवून खायचा. परदेशी पोरं बघत राहायची. "बघा आणि शिका," तो त्यांना म्हणायचा. त्यांना कळायचं नाही.

वाईट वाटत नव्हतं, हेच त्याला नवल होतं. पहिले काही दिवस तो वाट बघत होता, आज वाटेल, उद्या वाटेल. मग वाट बघायचंही विसरला. कुठेतरी मेन व्हॉल्व्ह बंद झाला होता आणि घर एवढं मोठं, की तो कुठल्या भिंतीत आहे ते सापडत नव्हतं. रात्री वरच्या पलंगावरचा माणूस कूस बदलायचा, लोखंड कुरकुरायचं, आणि जेलिंदोला बरं वाटायचं. बरं म्हणजे, काही वाटायचं नाही.

खोलीत बोलायला एकच माणूस होता, कातालदो. थेट दक्षिणेतून, कालाब्रियातून आलेला. बायकोचं ऑपरेशन इथल्या हॉस्पिटलात होतं आणि त्याला यापेक्षा महाग जागा परवडत नव्हती. दिवसभर तिच्या उशाशी बसायचा आणि संध्याकाळी आठ नंबरमध्ये येऊन सगळी हकिगत सांगायचा. आज दोन चमचे सूप घेतलं. आज नर्सला शिवी दिली, म्हणजे सुधारतेय.

"आणि तुम्ही इथे कसे?" त्यानं दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"घराची दुरुस्ती काढलीय," जेलिंदो म्हणाला. "मोठं काम आहे. समुद्राकडची सगळी भिंत. साध्या गवंड्याचं काम नाही ते."

"मग तुमची बायको कुठंय?"

"घरी."

"त्या धुळीत?"

"तिला धूळ चालते."

कातालदोनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "माझीला नाही चालत," तो म्हणाला. "पलंगाखाली एक केस दिसला तर मला घराबाहेर काढेल." आणि स्वतःच हसला. जेलिंदोही हसला. हसताना गाल हलतात, तेवढं त्याला कळत होतं.

मधल्या काळात बाथरूमच्या शॉवरचं पाणी थंड यायला लागलं. हॉस्टेलवाल्यांनी बोलावलेला माणूस तीन वेळा येऊन गेला. चौथ्या दिवशी जेलिंदो तळघरात उतरला आणि वीस मिनिटांनी वर आला. मिरेल्लाबाई म्हणाल्या, "काय बिघडलं होतं?" जेलिंदो म्हणाला, "तो माणूस बिघडला होता. बॉयलर ठीक आहे." त्या दिवसापासून त्याच्या पलंगावर दुसऱ्या कुणाला टाकलं नाही.

दर रविवारी जेवणानंतर फिओरेंझोचा फोन यायचा. जेलिंदो तो घ्यायला कपडे वाळत घालायच्या गच्चीवर जायचा.

"काय दादा, कुठे आहेस?"

"गच्चीवर. समोर समुद्र. तुमच्याकडे काय, डोंगर आणि डोंगरामागे डोंगर."

"वहिनी कशी आहे?"

"मजेत. भांडी घासतेय."

"बरं," फिओरेंझो म्हणायचा, आणि पावसाचं नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्याचं बोलायचा.

खोटं सांगताना जेलिंदोला लाज वाटत नव्हती. घरातला मोठा तो. बाप गेला तेव्हा फिओरेंझो अकरा वर्षांचा होता. त्याच्या शाळेचे बूट, त्याचं पुढचं शिक्षण, गावच्या कचेरीतल्या नोकरीच्या परीक्षेसाठी घातलेला तो एकमेव कोट, सगळं जेलिंदोच्या पान्यातून निघालेलं. धाकट्यानं वर बघायचं, ही घराची पद्धत होती. टेकडीवरच्या सहा पलंगांच्या खोलीतल्या माणसाकडे कुणी वर बघतं का?

कातालदोची बायको बरी झाली. जाताना त्यानं जेलिंदोला तिखट सॉसेजचं एक वेटोळं दिलं आणि दोन्ही हातांनी धरून गालांवर मुके घेतले. "भिंत लवकर बांधा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या पलंगावर एक नॉर्वेचा माणूस झोपला होता. जेलिंदोनं सॉसेज कापलं, खाल्लं. तिखट होतं एवढं कळलं.

मग नोव्हेंबरात एका सोमवारी मिरेल्लाबाईंनी त्याला काउंटरशी थांबवलं.

"गुरुवारी तुमचा वाढदिवस आहे."

"काय देताय?"

"काही नाही. गुरुवारी तुमचं ओळखपत्र संपतंय. रोज मला इथल्या प्रत्येकाचं नाव पोलिसांच्या कॉम्प्युटरवर चढवावं लागतं. संपलेल्या कार्डावर शुक्रवारी मी तुम्हाला ठेवू शकत नाही. शॉवर दुरुस्त केलात तरी नाही."

"नवीन करून आणतो. त्यात काय."

"गावाकडूनच करून आणा," बाई म्हणाल्या, आणि पाटीकडे न बघता पुढे म्हणाल्या, "इथला पत्ता टाकून आणू नका म्हणजे झालं."

त्यात काय, असं म्हणाला खरा. पण मासोनेच्या कचेरीत जन्म, लग्न, मृत्यू आणि रहिवासाच्या खिडकीमागे बावीस वर्षं एकच माणूस बसत होता, आणि तो त्याचा धाकटा भाऊ होता.

मंगळवारी तो गाडीनं गेला. स्टेशनवरच्या मशीनमध्ये फोटो काढले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री हॉस्टेलच्या कपडे धुवायच्या खोलीत त्यानं स्वतः केली होती, कॉलर जरा भाजली होती, ती मफलरखाली गेली. वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं. रहिवास का बदलत नाहीस, असं फिओरेंझो विचारेल. म्हणायचं, भिंतीचं काम चाललंय, ते संपलं की बघू.

खिडकीपुढे दुसरं कुणी नव्हतं. फिओरेंझोनं चष्म्यावरून बघितलं. "ये दादा. फोटो आणलेस?"

"आणले. चांगले आलेत."

"कुणाचे आहेत?" फिओरेंझो म्हणाला, फोटो उलटसुलट करत. मग टाईप करायला लागला. "उंची?"

"एक मीटर पंच्याहत्तर."

"मागच्या वेळी एक चौऱ्याहत्तर होतास."

"वाढलो."

"डोळे तपकिरीच ना, की तेही बदलले?" असं म्हणत तो पुढे सरकला, आणि पत्त्याच्या रकान्याशी त्याची बोटं थांबली. जेलिंदो वाट बघत होता. फिओरेंझो काहीच विचारेना. एवढं जुळवून आणलेलं खोटं तोंडात तसंच राहिलं होतं, ते कुठेतरी ठेवायला हवं होतं.

"लोरेदानानं नमस्कार सांगितलाय," जेलिंदो म्हणाला.

फिओरेंझोनं चष्मा काढला.

"दादा, तुमचं लग्न कुठे झालं?"

"इथे. चर्चमध्ये. तूच अंगठ्या धरून उभा होतास."

"मग लग्नाची नोंद कुठल्या वहीत?"

जेलिंदोनं मफलर वर ओढला.

"कोर्टाचा कागद त्याच वहीकडे येतो," फिओरेंझो हळू म्हणाला. "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. नोंद समासात करायची असते. मीच केली. दुसरं कोण करणार."

म्हणजे पाच-सहा रविवार. समुद्र, गच्ची, भांडी घासणारी वहिनी. सगळं ऐकून हा पावसाचं बोलत राहिला होता. जेलिंदोनं आत कुठे काही हलतंय का ते पाहिलं. काही हललं नाही. कान तेवढे गरम झाले.

"दाखव," तो म्हणाला.

"कशाला?"

"दाखव म्हणतो ना."

फिओरेंझो उठला, मागच्या कपाटातून मोठी वही आणली आणि खिडकीखालून सरकवली. एका बाजूला जेलिंदोची विशीतली सही, लांब शेपटीची, सगळ्यांच्यावर चढलेली. बाजूच्या समासात चार ओळी, निळ्या शाईत, सरळ, एकही खाडाखोड नाही. पती-पत्नीनं विभक्त राहण्यास मान्यता. तारीख, कोर्टाचं नाव, क्रमांक. खाली, फिओरेंझो ओत्तोनेल्लो, नोंदणी अधिकारी.

जेलिंदोनं ते दोनदा वाचलं.

"अक्षर चांगलं काढलंस," तो म्हणाला. "आमच्या घरात अक्षर कुणाचं वाईट नाही."

"तीन दिवस लागले मला त्या चार ओळींना," फिओरेंझो म्हणाला. वही परत ठेवून तो बसला. "कुठे राहतोस?"

"यूथ हॉस्टेलात."

"यूथ," फिओरेंझो म्हणाला.

"हसायचं तर हस."

"नाही हसत." पण त्यानं खाली बघून नाक पुसलं. "आता ऐक. आजवर तू तिथे आणि पत्ता इथला, हे मी चालवून घेतलं. तुझं घर होतं, तुझा हट्ट होता. आता चालणार नाही. यंदा गावचे पोलीस दारोदार जाऊन बघतायत कोण खरंच राहतं. इथला पत्ता हवा तर इथे राहावं लागेल. आईच्या खोलीत पलंग आहे. दुसरा कुठला खरा पत्ता असेल तर तो सांग, मी कागद तिकडे पाठवतो."

जेलिंदोच्या डोक्यात हिशेब चालला होता, म्हणजे चालत नव्हता, नुसता फिरत होता. हॉस्टेलात राहायचं तर मासोनेचा पत्ता हवा. मासोनेचा पत्ता हवा तर मासोनेत झोपायला हवं. मासोनेत झोपला तर हॉस्टेल कशाला? इथे रस्त्यावर प्रत्येक जण विचारणार, काय जेलिंदो, शहर सोडलंस? आणि तिथे, आठ नंबरमध्ये, वरचा माणूस कूस बदलतो, त्याचं नावही माहीत नसतं, सकाळी तो निघून जातो. तेवढंच काय ते त्याच्याकडे उरलेलं होतं आणि ते सोडायचं होतं.

"कामाला मी रोज जेनोवाला जाणार," तो म्हणाला. "मला सगळं शहर ओळखतं. माझ्यावाचून त्यांचं अडेल."

"पहिली गाडी सहाच्या आधीच आहे."

"आणि गावात कुणाला काही सांगायचं नाही. सांगायचं ते मी सांगेन."

"तू सांग."

"लिही मग," जेलिंदो म्हणाला. "इथलाच."

फिओरेंझोनं पत्ता लिहिला. आईच्या घराचा, पहिल्यापासून होता तोच. मग काचेचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. नव्या कार्डाला बोटांचे ठसे लागायचे. जेलिंदोनं उजव्या हाताचं बोट ठेवलं. यंत्रावर लाल दिवा लागला. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. आम्ल, सिमेंट, पाना, चाळीस वर्षांत बोटावरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या.

"यंत्र खराब आहे," जेलिंदो म्हणाला.

"यंत्र बरं आहे. तुझ्या बोटावर काही उरलेलं नाही."

फिओरेंझो खिडकीच्या बाजूच्या दारानं बाहेर आला. त्यानं भावाचं बोट आपल्या रुमालानं पुसलं, त्यावर तोंडाची वाफ दिली, थंडीत आरशावर देतात तशी, आणि आपला अंगठा वरून दाबून ते काचेवर धरलं. दोघे तसेच उभे राहिले. लाल. फिओरेंझोनं बोट सोडलं नाही, जरा तिरकं केलं आणि पुन्हा दाबलं. त्याचा हात गरम होता, कागदाचा वास येणारा. जेलिंदोनं हात ओढून घेतला नाही.

हिरवा दिवा लागला.

"आता डावा," फिओरेंझो म्हणाला.