सरस्वतीपुरमचा बाक

आमच्या गल्लीत सरकारी दवाखाना आला तो माझ्या काकांमुळे. म्हैसुरात मंडी मोहल्ल्याच्या मागच्या अंगाला आम्हा मराठी घरांची ही गल्ली. आपले पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, असं इथं घरोघरी सांगतात. पायदळात कोणाचाच पूर्वज नव्हता. आता कोणी बँकेत आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण चालताना छाती मात्र सगळे अजून स्वारासारखी काढतात. काकांचं म्हणणं असं, की आपण भाषेनं मूठभर, म्हणून आपल्याकडं सरकारचं लक्ष नाही. दवाखाने सगळे दुसऱ्यांच्या वस्तीत. राजाच्या काळी आपल्या घोड्यांनासुद्धा वैद्य होता, हे वाक्य त्यांच्या प्रत्येक अर्जात असायचं. स्वारांना होता का, ते त्यांनी कधी लिहिलं नाही.

अर्जांना कंटाळून असेल किंवा निवडणूक जवळ आली म्हणून असेल, समाजाच्या हॉलच्या पुढच्या दोन खोल्यांत आरोग्य केंद्र एकदाचं उघडलं. नारळ फुटला, काकांच्या गळ्यात हार पडला. पाटी अर्थातच कानडीत होती. काकांनी भांडून खाली एक ओळ मराठीत घालून घेतली. आमच्या पोरांनी वरचं कानडी वाचून खाली काय लिहिलं असावं ते ओळखलं.

आणि मग आमच्यातलं एकही माणूस तिथं गेलं नाही.

कारण साधं होतं. आमची सोयरीक आमच्यातच होते. मुलगी द्यायची असो की करायची असो, म्हैसुरातली तीच थोडकी घरं. दवाखान्याचा बाक व्हरांड्यात आणि व्हरांड्याचं तोंड गल्लीकडं, त्यामुळे तिथं बसलेलं माणूस सगळ्या खिडक्यांना दिसायचं. सकाळी सर्दीसाठी कोणी टेकलं, तर संध्याकाळपर्यंत त्याला दमा झालेला असायचा आणि आठवड्यात त्याच्या बहिणीचं स्थळ फिरायचं. म्हणून बाहेरच्या गल्लीतले लोक येऊन आमच्या दवाखान्यात औषधं घेऊन जात, आणि आम्ही खिडकीतून त्यांची कीव करत असू. आपला समाज अजून जागा झाला नाही, असं भाषण काकांनी गणेशोत्सवात केलं. रक्तदाबाच्या गोळ्यांना ते स्वतः बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला, सरस्वतीपुरमच्या सरकारी दवाखान्यात जात.

हे मला कळलं ते अक्काच्या खोकल्यामुळे.

अक्का माझी थोरली बहीण. घरी ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या निम्म्या मुलींना शिवण तिनंच शिकवलं होतं. खोकला जाईना, ताप उतरेना, तेव्हा आई तिला दूरच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेली. क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा बरा होणारा आजार आहे, औषध सरकार देतं. अट एकच, की केंद्रात जाऊन नर्ससमोर गोळ्या गिळायच्या, एक दिवसाआड, आणि मध्ये खंड पाडायचा नाही. खंड पडला तर आजार हट्टाला पेटतो. राहता कुठं, असं त्यांनी विचारलं. आईनं पापणी न हलवता सरस्वतीपुरममधल्या एका ओळखीच्या घराचा पत्ता सांगितला, म्हणजे केंद्र तिथलं मिळेल.

तेव्हापासून अक्का ‘शिवणक्लासला’ जायला लागली. जिनं गल्लीला शिवण शिकवलं ती आता शिवण शिकायला दोन बस बदलून जाते, यावर गल्लीनं विश्वास ठेवला की नाही ते देव जाणे. पण कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडं विचारत नाहीत, नुसतं बघतात. मी तिच्याबरोबर जायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं, परतीच्या बसमध्ये ती डोळे मिटून माझा हात घट्ट धरून बसायची. घरापासून हाकेच्या अंतरावर त्याच गोळ्या ठेवलेल्या असताना हे सगळं चाललेलं बघून माझं डोकं फिरायचं.

सरस्वतीपुरमच्या बाकावर पहिल्याच दिवशी काका दिसले. त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलं. पुढच्या खेपेला स्पेअर पार्टवाले, मग आमच्या समोरच्या घरातली सून. निम्मी गल्ली तिथं होती. समाजाच्या वार्षिक सभेला कधी एवढी हजेरी नसते. अगदीच नजरेला नजर भिडली तर बोलायचं एक वाक्य ठरलेलं होतं: “सुम्ने आलो, एका सोयऱ्याला बघायला.” सुम्ने, म्हणजे उगीच. ज्याला बघायला सगळे येत तो सोयरा मात्र मला कधी दिसला नाही.

आणि एक दिवस तिथं मौशी दिसल्या. सख्ख्या मावशी नव्हेत; त्यांच्या मुलाशी अक्काच्या लग्नाची बोलणी चालू होती. नर्सनं त्यांचं नाव पुकारलं आणि त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, अक्काला द्यायची त्याच. त्या गिळून मौशी बाकावर परत आल्या, अक्काकडं बघितलं, आणि थोड्या सरकून तिला जागा करून दिली.

आता स्थळ मोडलं, असं मी धरून चालले. पण चारच दिवसांत काकांमार्फत निरोप आला, की मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळते, पुढचं बोलू. बैठकीत आईनं सांगितलं की आमच्या घराण्यात कसला आजार नाही. मौशींनीही तेच सांगितलं. अक्कानं कॉफी दिली. मला त्या बाई तेव्हापासून फार आवडायला लागल्या.

मग दसरा जवळ आला. आमच्या गावात दसरा आला की रस्ते हत्तींचे होतात. त्यांची तालीम निघाली की बस भलतीकडून वळवतात. एकदा आम्ही पोचलो तेव्हा दवाखाना बंद झाला होता, आणि गोळ्या चुकल्या. पुढच्या खेपेला बसच आली नाही. पुन्हा चुकल्या. त्या रात्री अक्काला बारीक ताप होता. आई म्हणाली, “दसरा होऊ दे. मग नोडोणा.” बघू म्हणायला आमच्या घरात नोडोणाच म्हणतात, आणि नोडोणा म्हटलं की ते काम झालं नाही असं समजायचं. रिक्षानं जाऊ म्हटलं, तर रिक्षावाला गल्लीतलाच.

सकाळी अक्का घरातल्याच साडीत, केसही न विंचरता, चपला घालून निघाली. आईला वाटलं, दूध आणायला गेली. ती सरळ समाजाच्या हॉलपाशी गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. नर्सनं आधी तिचं सगळं ऐकून घेतलं, सरस्वतीपुरमला फोन केला, आणि गोळ्या आणून दिल्या. अक्कानं मान मागं टाकून एकेक गोळी गिळली. एकही खिडकी बंद नव्हती.

त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. मुलीनं आपल्या हातानं आपलं वाटोळं केलं, एवढं एकच वाक्य ती म्हणत राहिली.

मौशी लवकरच आल्या, काकांना बरोबर घेऊन. पत्रिका जुळत नाही म्हणाल्या. पत्रिका काकांनीच जुळवली होती. ते छताकडं बघत होते. मला संताप आला. या बाईला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि माहीत असून तिनं होकार दिला होता. आता नकार होता तो गल्लीला माहीत झालं म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं माझ्याकडं डोळे वटारले. ती आत गेली, कुंकवाची कोयरी घेऊन आली, आणि दाराशी मौशींच्या कपाळाला बोट लावताना हळूच म्हणाली, “मौशी, तुमच्या गोळ्या कुठं चालल्यात आता?”

मौशींनी आधी आत काकांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “बस कुठं आहे ग? दसरा होऊ दे, मग नोडोणा.”

“सकाळी इथं या,” अक्का म्हणाली. “मी व्हरांड्यात असते.”

गोळ्यांच्या दिवशी मी अक्काबरोबर गेले. दोन बस बदलायच्या नव्हत्या, तरी सवयीनं गेले. आम्ही बसलो न बसलो तोच गल्लीच्या तोंडाशी मौशी दिसल्या. रेशमी साडी, हातात स्टीलचा डबा. कोणाकडं हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. पायरीशी येऊन त्या थांबल्या. काय हवंय, असं नर्सनं कानडीत विचारलं. मौशींनी एकवार सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली आणि सांगितलं, सुम्ने आले, एका सोयऱ्याला बघायला.

नर्सला आमच्या रीती ठाऊक नव्हत्या. कोणत्या सोयऱ्याला, असं तिनं विचारलं. हे सरस्वतीपुरमला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मौशी गोंधळल्या. हातातला डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. मग पायरी चढून वर आल्या आणि अक्काच्या खांद्यावर हात ठेवला.

“ही काय,” त्या म्हणाल्या. “आमचीच मुलगी.”

अक्का बाकावर थोडी सरकली. नर्स आत जाऊन पाण्याचा आणखी एक ग्लास घेऊन आली.