भिवाचं डांगर

आई गेल्यावर रामदासनं बापाला साताऱ्याकडच्या गावातून उचललं आणि मुंबईला भोईवाड्यातल्या आपल्या खोलीवर आणून ठेवलं. गावी भाकरी थापून द्यायला कुणी उरलं नव्हतं. पण जन्मभर मातीत घातलेले हात मांडीवर घेऊन भिवा बसणार तरी किती? सुनेनं, राधानं, निवडलेले तांदूळ तो पुन्हा निवडायचा आणि वर म्हणायचा, "खडं ऱ्हायलं हुतं."

एक दिवस त्यानं डांबराचं रिकामं पिंप मिळवलं, व्हिक्टोरिया गाड्यांच्या तबेल्यातून घोड्याची लीद आणली आणि चाळीच्या नळाशेजारी डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी टोचलं.

"रामा, डांगर धरलं तर ऱ्हाईन. न्हाय तर दसऱ्याला माझा गाव बरा. हितली माती वळख देईना, तर ऱ्हाऊन करू काय?"

म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे मेख, ठोकली की हलायची नाही.

वेल मात्र माजला. भिंतीवर समितीच्या पोरांनी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं रंगवलं होतं, त्यावर चढला.

"आजोबा, तुमच्या वेलानं मुंबई गिळली ना!" पोरं ओरडली.

"गिळंना का! वेल म्हाराष्ट्राचाच हाय की!" भिवा म्हणाला, पण सुतळी बांधून त्यानं वेल बाजूला वळवला. मुंबई सुटली ती अशी पहिल्यांदा भोईवाड्यात.

फुलं ढीगभर आली. काही फुलांमागं लिंबाएवढं डांगर दिसायचं, आणि चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. भिवानं मासळी धुतलेलं पाणी ओतलं. चाळ नाक दाबून नळावर येऊ लागली.

"मामंजी, बाजारातनं आणू की एक," राधा म्हणाली.

भिवा तिसऱ्या दिवशी वळकटी बांधायला बसला.

रामदास हबकला. मिलमधला त्याचा दोस्त आग्नेलो माझगावचा. त्याच्या आजाची तिथं भाजीची वाडी होती. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी, उजाडताच, रामदासनं त्याला ओढून आणला. आग्नेलोनं वेल खालीवर न्याहाळला.

"बाबा, माती झकास हाय. पण मधमाशी दिसते काय कुठं?"

"माशी? तिचं हितं काय काम?"

"सगळं तिचंच तर काम! आमच्या वाडीत पण धुरानं माशी येईना." आग्नेलोनं लांब देठाचं एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला परागानं माखलेला पिवळा दांडा मागं डांगर असलेल्या फुलात हलकेच फिरवला. "आमचा आजा रोज सकाळी असाच करायचा."

भिवा बघतच राहिला. मग कपाळावर हात मारून खो खो हसला.

"म्हंजी चाळीस वर्सं डांगरं पिकवली माशीनं, आन् मिशीला पीळ भरला म्या!"

दुसऱ्या दिवसापासून भिवा उजाडताच वेलापाशी. नळावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या, "मामांनी लग्नं लावायला घेतली बाई!" तो "अक्षता आणा की," म्हणून पुढच्या फुलाकडं वळायचा.

एक धरलं. मुठीएवढं झालं, नारळाएवढं झालं, तरी गळेना. दसरा दोन दिवसांवर आला. रामदास भीत भीत शेजारी उकिडवा बसला.

"बाबा, मग राहणार ना?"

भिवानं हातातलं फूल सोलता सोलता त्याच्याकडं पाहिलं.

"जाऊ कसा? उद्या आनखी तीन उमलत्यात. माशीचं काम कोन करंल, तुझा बाप?"