न घासलेलं पदक

तांब्या घासायला चिंच भिजवली की ऐंशी-ब्याऐंशी सालची घाटकोपरची पंधरा ऑगस्टची सकाळ आठवते. आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. झेंडावंदनाआधी त्यांची पदकं मी चिंचेने घासायचे. त्या वर्षी डब्याच्या तळाशी एक काळं पडलेलं सापडलं.

“आजोबा, हे राहिलं ना!”

“ते नको घासूस, पोरी. जावा बेटावरचं आहे. महायुद्ध संपलं तेव्हा तिथल्या लोकांनी नुकताच स्वतःचा झेंडा लावला होता. जुने डच मालक परत येत होते. त्यांच्यासाठी आम्हाला लढायला धाडलं.”

“मग तुम्ही गोळ्या झाडल्या?”

आजोबा एकही पदक न लावता खाली गेले आणि सगळ्यांच्या मागे उभं राहून झेंड्याला सलाम केला. मेहनत वाया गेली म्हणून मी रुसले होते.

आता ती पदकं माझ्याकडे आहेत. दर पंधरा ऑगस्टला घासते. ते एक सोडून.