हाड म्हटलं की येणारं पिल्लू

आमच्या पणदऱ्याच्या वस्तीवर कुत्री व्याली की मला दोन महिने दुसरं काही सुचत नाही. घरातले म्हणतात, एवढं लक्ष पोरांकडे दिलं असतंस तर पोरं कलेक्टर झाली असती. म्हणोत बापडे. पिल्लांसाठी लोक आधीपासून सांगून ठेवतात, कारण माझ्या हातचं पिल्लू भित्रं निघत नाही आणि उगाच कुणाला चावत नाही, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे होती.

ती काही आपोआप झाली नव्हती. गाईंसाठी येणारे जनावरांचे डॉक्टर एकदा सहज म्हणाले होते की पिल्लाला लहानपणी जे जे दाखवाल ते त्याला आपलं वाटतं, नंतर दाखवलं तर परकं. मी ते धरूनच बसले. पिल्लं लुटुलुटू चालायला लागली की माझी शाळा सुरू. कडबा कुट्टीचं मशीन चालू असताना शेजारीच त्यांना दूध-भाकरी द्यायची. ट्रॅक्टर, मिक्सर, कुकरची शिट्टी, गोधडी झटकल्याचा आवाज, सगळं ऐकवायचं. ऊसतोडीवाल्यांची पोरं पाणी न्यायला आली की एकेकाच्या मांडीवर एकेक पिल्लू द्यायचं. हेल्मेट घातलेला माणूसही त्यांना मी मुद्दाम दाखवायची. आणि घरातल्यांसाठी एकच नियम होता, पिल्लांवर कुणी खेकसायचं नाही. 'हाड' तर म्हणायचंच नाही.

हा नियम आमच्या सासऱ्यांना फार आवडला. त्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणते. अमुक करू नका म्हटलं की ते कसं करता येईल याचाच विचार करायचा, ही त्यांची जित्याची खोड. दुसऱ्याच दिवशी न्याहारीला ओसरीवर बसून त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे धरला आणि अगदी लाडात म्हणाले, "हाऽड, हाऽड माज्या राजा." पिल्लं धावत सुटली.

"तात्या!" मी आतून ओरडले.

"रागानं म्हणायचं न्हाय, आसंच हाय ना तुजं? मी कुठं रागावलोय?"

मला हसू आवरलं नाही. मग तो रोजचाच खेळ झाला. लोक कुत्र्याला 'यू यू' करून बोलावतात, आमच्याकडे 'हाड'. तेही फक्त तात्यांच्या तोंडून, त्या लाडाच्या सुरात. आलेगेले पाहुणे मुद्दाम थांबून बघायचे आणि पोट धरून हसायचे. पिल्लाला हाक कळते ना, मग ती कुठली का असेना, असं मीही म्हणायची.

त्या वेतातलं एक पिल्लू तात्यांचं फार लाडकं होतं. कपाळावर पांढरा टिळा आणि अंगात भीती नावालाही नाही. ते अंथुर्ण्याला गेलं, डाळिंबाची बाग असलेल्या एका घरी. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. चांगलं घर होतं, अजूनही माझं तेच मत आहे. पिल्लू गाडीत बसलं तेव्हा तात्या गोठ्यातून बाहेर आले नाहीत.

आठवडा झाला असेल. दुपारी बागवाल्याचा फोन आला.

"ताई, तुमचं पिल्लू पिसाळलंय का काय?"

"का हो? काय झालं?"

"आईनं हाड म्हणलं की पळायचं सोडून अंगावरच येतंय. जेवढं वरडावं तेवढं घरात घुसतंय. आईनं भिऊन फुकणी हाणली. आता बागंत शिरलंय आन् वस्तीवरची माणसं काठ्या घिऊन आल्यात."

"मारू नका! पिसाळलेलं नाही ते. त्याला हाड म्हणजे ये असं वाटतं."

तो म्हणाला, "म्हंजे?"

माझंच बोलणं मला वेडगळ वाटत होतं. मी येईपर्यंत तेवढं थांबा म्हणाले आणि स्कूटी काढली. तात्या फडक्यात भाकरी बांधून मागे बसले. बारामती ओलांडून अंथुर्णं येईपर्यंत ते एकच म्हणत होते, "माजी हाक ऐकली की यील बघ. लगीच यील."

बांधावर माणसं काठ्या घेऊन उभी होती, पण थांबली होती. पिल्लू डाळिंबाच्या झाडाखाली एक पाय वर धरून उभं होतं. तात्या बांधावर बसले, भाकरी पुढे धरली आणि त्याच लाडाच्या आवाजात म्हणाले, "हाऽड, हाऽड माज्या राजा."

पिल्लू जमिनीला चिकटलं. तात्यांनी पुन्हा हाक मारली, तसं ते पोट घासत मागे सरकलं आणि त्याची लघवी सुटली. फुकणीच्या एका फटक्यात ते त्या शब्दाचा खरा अर्थ शिकलं होतं. तिसऱ्यांदा तात्यांनी तोंड उघडलं तेव्हा मी त्यांचा खांदा धरला. मग ते "यू यू" म्हणाले. ती हाक पिल्लाला ठाऊकच नव्हती.

इतक्यात घरातून म्हातारी आली. तिनं थाळीत दूध-भाकरी कालवून आणली होती. थाळी खाली ठेवून ती थोडं बाजूला बसली, तोंडाला पदर लावून. एक शब्द बोलली नाही. बराच वेळ गेला. मग पिल्लू तीन पायांवर लंगडत आलं, दूध प्यालं आणि तिची बोटं चाटायला लागलं. जिनं मारलं तिच्याच हाताची. मी उचलायला पुढे झाले तर म्हातारी म्हणाली, "हितंच ऱ्हाऊ द्या, बाई. माज्या हातनं लागलंय, मीच बघीन त्येच्याकडं."

मी तात्यांकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला भितंय ते."

पाय बरा झाला. पिल्लू आता मोठं झालंय, बाग राखतं, म्हातारीच्या मागेमागे असतं. तरी मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. मशीनपासून हेल्मेटपर्यंत सगळ्या गोष्टींची मी त्याला सवय लावली आणि कुत्र्याच्या जातीला जो शब्द जन्मभर ऐकावा लागतो तोच आमच्या घरानं त्याला उलटा शिकवला. वाईट मनानं शिकवला असता तर निदान कुणावर रागावता तरी आलं असतं.

यंदा कुत्री पुन्हा व्याली. तात्या न्याहारीला भाकरीचा तुकडा पुढे धरून बसतात, तोंडातून मात्र अवाक्षर काढत नाहीत. पिल्लं आपसांत खेळत असतात, त्यांचं लक्ष जात नाही. परवा मला राहवलं नाही.

"तात्या, हाक मारा की त्यांना. यू यू म्हणा."

"ती समद्यांचीच हाक हाय," ते म्हणाले. तुकडा त्यांनी जमिनीवर ठेवला आणि उठून गोठ्याकडे गेले.