दिलावर नालबंदाची दाढ

अनसिंगच्या बाजारात दिलावर नालबंद कुठे बसतो, हे कुणाला विचारावं लागत नसे. जिकडून ओरडणं येईल तिकडे जायचं. बैल ओरडत असला तर नाल ठोकणं चाललंय, माणूस ओरडत असला तर दाढ निघते आहे. हत्यार दोघांना एकच. बैलाच्या खुरातला मोडका खिळा ज्या पकडीनं ओढायचा, तीच पकड धोतराच्या सोग्याला पुसून माणसाच्या तोंडात जायची. कुणी नाक मुरडलंच तर दिलावर म्हणे, "बैलानं आजपावतो तक्रार नाई केली, तुलेच कायची घाण येऊन राह्यली बे?"

बाप निजामुद्दीन घोड्यांचे नाल ठोकायचा. मोटारी आल्या, घोडे गेले, बैल उरले आणि दाढा उरल्या. दाढ काढायची विद्या बापानं मरायच्या आधी तीन गोष्टींत सांगून टाकली होती : मागून बस, डोकं गुडघ्यांत दाब, आणि तो काय म्हणतो ते ऐकू नको.

चौथी गोष्ट दिलावर आपल्या बोटानं शिकला. आसेगावचा रामराव नावाचा एक आडदांड शेतकरी दाढ घेऊन आला. दिलावर बोट घालून दाढ चाचपत होता, तेवढ्यात रामरावानं जबडा मिटला. डाव्या हाताच्या बोटाचं वरचं पेर आतच राहिलं. दिलावरनं त्याच रक्ताळ हातानं अशी मुस्काटात ठेवून दिली की दुखरी दाढ, शेजारची बिनदुखरी दाढ आणि बोटाचं पेर, तिन्ही एका थुंकीत बाहेर पडली. त्या दिवसापासून आलेल्याचे हात बैलाच्या दोरीनं पाठीमागं बांधायचे आणि जबड्यात बाभळीचा ठोकळा अडकवायचा, अशी रीत पडली.

दुसरी रीत बाजारानं पाडली. ओरडला तो चहा पाजील. पाहायला जमलेल्या सगळ्यांना. नुसता 'चूं' निघाला तरी ओरडलाच धरायचा. आणि जो ओरडणार नाही त्याची दाढ फुकट. वीस वर्षांत फुकट दाढ एकाच माणसाची निघाली होती, ती म्हणजे तांड्यावरच्या धनीबाईची. अकरा बाळंतपणं झालेली बाई. दाढ निघाल्यावर तिनं विचारलं, "बस, एवढंच? आन ह्याच्यासाठी हे बाप्ये बोंबलतेत?"

बोंबलणाऱ्यांत सगळ्यात वरचा नंबर उदयसिंग गाडीवानाचा. इंझोरीच्या रस्त्यावर तीन लुटारूंना या उदयसिंगनं जुवाची शिवळ, बैलाच्या मानेजवळची ती खुंटी, उपसून झोडपलं होतं. एकाचा खांदा निखळला, दुसऱ्याचा कान अर्धा लोंबला, तिसरा अजून पळतो आहे म्हणतात. असा हा गडी दिलावरच्या गुडघ्यांत डोकं देऊन बसला आणि पकड फिरताच "याडी ऽ ऽ!" म्हणून अशी आईला हाक मारली की बाजारातले बैल दावणी तोडू लागले. एकवीस माणसांनी त्याचा चहा प्याला. तेव्हापासून उदयसिंग बाजारात शिरला की कुणीतरी बारीक आवाजात म्हणे, "याडी..." आणि सगळे हसत. सगळ्यात मोठ्यानं दिलावर.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात दिलावरची स्वतःची दाढ उठली. डावीकडची, खालची, मागून दुसरी. लवंग भरून झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, बिब्बा लावून गालाचं कातडं तेवढं भाजून घेतलं. दाढ ऐकेना. नाल ठोकताना हातोडीचा प्रत्येक घाव खिळ्यावर पडण्याआधी दाढेत पडायचा.

निंबाच्या सावलीत मंडळी जमली होती. सुजलेला गाल पाहून कुणाच्याच आनंदाला पारावार उरला नाही.

"दिलावर, अकोल्याले जाय," म्हातारे नानाजी म्हणाले. नानाजींचं शेत मोठं होतं, आणि गावातून दाताच्या डॉक्टराकडे जाऊन आलेले ते एकटेच. "लय शिकेल डाक्टर हाय. खुर्चीत बसोते. खुर्ची मांगं मांगं जाते, मानूस वर पाह्यत राह्यते, आन वरतं यम दिसते."

"आन मंग?" उदयसिंगनं त्यांना चढवलं. हा किस्सा सगळ्यांनी सतरा वेळा ऐकलेला होता.

"मंग त्याची मशीन. शिंप्याच्या मशीनवानी पायानं चालोते. घर्र घर्र. थे दातात भोक पाडते."

"भोक? कीडच भोक पाडून राह्यली होती ना फुकट!"

"अबे, आयक तं. भोक पाडाचे पैसे घेतले. मंग थेच भोक बुजवाचे येगळे घेतले!"

"म्हंजे नानाजी, तुमी विहीर खणून घेतली आन बुजवून घेतली."

"आन पानी नाईच लागलं," नानाजी म्हणाले. "महिन्यानं थोच दात उपटला. त्याचे तिसऱ्यांदा घेतले. एक गोऱ्हा गेला माया त्या दातापाई. गोऱ्ह्याले बत्तीस दात नसते, नाईतं त्याचेई काढून ठेवले असते डाक्टरानं."

सगळे खिदळले. दिलावरही हसायला गेला आणि कळ डोक्यात शिरताच गाल धरून खाली बसला.

अकोल्याला जाता येत नव्हतं ते काही गोऱ्ह्यापायी नाही. ज्या नालबंदाची दाढ डॉक्टरानं काढली, त्याच्या गुडघ्यांत उद्या डोकं कोण देणार? आणि इथे बाजारात काढून घ्यावी, तर ओरडून चालणार नव्हतं. वीस वर्षं ज्यांच्या बोंबांवर तो हसला, ते सगळे आज कान उघडे ठेवून बसले होते. एक 'चूं' निघाला असता तर दिलावरचा धाक त्या दिवशीच संपला असता. आणि धाकाशिवाय दाढ निघत नाही, खूरही उचलला जात नाही.

"मी काढतो," उदयसिंग म्हणाला.

"तू?"

"तुयीच पकड, तुयीच दोरी. ओरडला नाई तं मी आजपासून तुले उस्ताद म्हणीन. ओरडला तं..." त्यानं जमलेली माणसं डोळ्यांनी मोजली. लांबून आणखी माणसं येताना दिसत होती. "चाळीसेक चहा होतीन."

दिलावरनं पकड त्याच्या हातात दिली. "डावी. खालची. मागून दुसरी. वाकवू नको, सरळ ओढ."

हात मागं बांधले. ठोकळा जबड्यात बसला. देवला नावाचा तांड्यावरचा एक धिप्पाड माणूस पायांवर बसला. दिलावर मान मागे टाकून वाट पाहत होता, की आता उदयसिंग मागून येईल आणि डोकं गुडघ्यांत घेईल. पण उदयसिंगनं समोरच बैठक मारली.

"मांगून बस ना बे," नानाजी म्हणाले.

"कायले? याचं तोंड पाह्यलेच तं बसलो मी इथं! दोन वर्षं झाले वाट पाह्यतो."

इथेच घात झाला. उदयसिंग हा जन्मभर बैलांच्या मागे बसलेला माणूस. डावा बैल त्याच्या डाव्या हाताला, उजवा उजव्या. जगाकडे समोरून पाहायची त्याला सवयच नव्हती. त्यानं आपल्या डाव्या हाताची बाजू धरली, आणि पकड दिलावरच्या उजव्या गालात शिरली.

थंड लोखंड निरोगी दाढेला लागलं तसे दिलावरचे डोळे फाटले. सांगणार कशानं? तोंडात ठोकळा, हात बांधलेले. गळ्यातून आवाज काढला तर सुटका होती. पण आवाज म्हणजे ओरडणं. चाळीस माणसं श्वास धरून त्याचीच वाट पाहत होती. त्यानं पाय झाडले. देवला दोन्ही गुडघ्यांवर दणकन बसला आणि म्हणाला, "हलतो हलतो, पण आवाज नाई बरं! शाब्बास!"

उदयसिंगनं पीळ दिला. किडलेली दाढ हिरडीला कंटाळलेली असते, जरा ओढलं की येते. ही दाढ तशी नव्हती. ती खडकात रोवलेल्या मेखेसारखी बसली होती. पहिल्या हिसक्याला कानात काहीतरी फाटलं. दुसऱ्याला पकड सटकली आणि वरच्या दाताचा टवका उडाला. तिसऱ्याला उदयसिंगनं एक पाय दिलावरच्या छातीवर रोवला आणि दोन्ही हातांनी मागं रेटा दिला. कड् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. जबड्याचं एक ढलपट घेऊन दाढ बाहेर आली, पाठोपाठ रक्ताची चूळ उदयसिंगच्या तोंडावर उडाली.

दिलावर ओरडला नाही. बाभळीच्या ठोकळ्यात मात्र त्याचे पुढचे दात अर्धं बोट रुतले होते.

"उस्ताद!" देवला ओरडला. बाजारानं टाळ्या पिटल्या. उदयसिंगनं दाढ उन्हात धरली. नानाजींनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"काहून रे उदयसिंग," ते हळूच म्हणाले, "कीड कुठी हाय इच्यात?"

तेवढ्यात कुणीतरी दोरी सोडली. दिलावर उठला, ठोकळा थुंकला आणि त्याच्या पहिल्या ठोशानं उदयसिंगचं नाक आडवं झालं.

"अबे दाढ काढली आन वरून मारतो?" म्हणत उदयसिंगनं डोकं त्याच्या पोटात घातलं. दोघं जिलेबीवाल्याच्या भट्टीवर गेले, तिथून मडकी मांडली होती त्यांवर. खापरांवर लोळताना दोघांच्या पाठी सोलल्या. दिलावर बोलत नव्हता. तो एक हात स्वतःच्या सुजलेल्या डाव्या गालावर मारून दाखवायचा आणि दुसरा उदयसिंगच्या तोंडावर हाणायचा. गालाचा अर्थ उदयसिंगला कळेना, म्हणून त्यानं दिलावरच्या त्याच गालावर एक ठेवून दिली. दिलावरच्या डोळ्यांपुढे सगळा बाजार पांढरा झाला. तरी आवाज नाही. त्यानं उदयसिंगच्या खांद्याला चावा घेतला आणि सोडला नाही. शेवटी नानाजींनी काठी उचलली आणि दोघांनाही, बैलांची टक्कर सोडवतात तशी, नडग्यांवर सारखी वाटून दिली.

"डावी सांगतली होती त्यानं," नानाजी धापा टाकत म्हणाले. "डावी त्याची, तुयी नाई, बैला!"

उदयसिंगनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग दिलावरच्या गालाकडे. मारामारीत पडलेले स्वतःचे दोन दात उचलून खिशात टाकले. त्या दिवशी अनसिंगच्या बाजारात तीन दात निघाले, आणि दुखणारा त्यांतला एकही नव्हता.

पुढचे तीन दिवस दिलावर घरात होता. डावा गाल किडीनं सुजलेला, उजवा पकडीनं, डोळे दोन फटींएवढे. अन्न जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीवर डोकं आपटू लागला. चौथ्या आपटण्याला भिंतीचा पोपडा पडला, तेव्हा त्याची बायको जैतुनबी चुलीपासून उठली.

त्यांच्या घरची बोली निराळी, पण राग आला की जैतुनबी वऱ्हाडीवर यायची. शिव्यांना तीच बरी पडते म्हणे.

"भित काहून पाडता? भितीले दाढ हाय का?" तिनं हत्यारांची पेटी उघडली आणि पकड काढली. "बसा खाली."

"तू?" दिलावर कसाबसा म्हणाला.

"वीस साल बैलाच्या मानेवर कोन बसून राह्यलं? मी. बसा."

ती मागून बसली. डोकं गुडघ्यांत दाबलं. ठोकळा घातला नाही, हात बांधले नाहीत. "रामरावावानी चावलात तं याद राखा," एवढंच म्हणाली. डावी, खालची, मागून दुसरी. पकड बसली तसं तिनं विचारलं, "घरी कोनी नाई. समजलं?"

दिलावरला समजलं. जैतुनबीनं मनगट फिरवलं, आणि दिलावरनं वीस वर्षांतल्या सगळ्या बाजारांचं मिळून एकदाच ओरडून घेतलं. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. शेजारचं पोर रडायला लागलं. दाढ पुवासकट निघून ताटलीत टणकन पडली, तरी तो ओरडतच होता.

निंबाखाली ते ऐकू गेलं. अर्ध्या घटकेत उदयसिंग, नानाजी आणि देवला दारात हजर. उदयसिंगचं नाक अजून वाकडं होतं, ओठ फुगलेले, पण चेहऱ्यावर सणाचा उजेड.

"काय उस्ताद! कोन ओरडलं?"

दिलावर तोंडात चिंधी कोंबून बसला होता. चिंधी लाल होत चालली होती. त्यानं उदयसिंगकडे पाहिलं आणि चिंधी आणखी आत कोंबली. दाराच्या आतल्या गोणपाटाच्या पडद्यामागून आवाज आला, "मी ओरडले."

"तुमी, भाभी?"

"मायी दाढ काढली यायनं."

"आवाज लय जाडा झाला तुमचा."

"सर्दी हाय मले."

"दाखवा बरं दाढ कुठची काढली ते," उदयसिंग म्हणाला.

"तुयी बायको दाखोते का गावाले तोंड उघडून? हट!" पडदा जरासा हलला. "ओरडले तं चहा देतो. रीतच हाय ना तुमची? बसा."

नानाजी गालातल्या गालात हसले आणि बसले. बायकोची दाढ काढली तर नवऱ्याच्या तोंडात चिंधी का, हे विचारायला उदयसिंगचं तोंड उघडलं होतं, पण नानाजींनी त्याच्या नडगीवर काठी टेकवली, तेव्हा ते मिटलं.

चहा आला. गुळाचा, आलं ठेचून घातलेला, उकळता. चार बशा. दाढ तिची निघाली म्हटल्यावर दिलावरला चहा प्यायला काय झालं? जैतुनबीनं चौथी पाठवली नसती तर तिचं बोलणं खोटं ठरलं असतं. दिलावरनं चिंधी काढून मुठीत दाबली. तिघांनी आपल्या बशा हातातच धरल्या. फुंकर कोणी मारली नाही. तिघंही त्याच्याकडे पाहत होते.

दिलावरनं बशी ओठाला लावली. चहा जखमेवर गेला. आलं जखमेवर गेलं. कपाळावरची शीर अंगठ्याएवढी झाली, पायाची बोटं जमिनीत रुतली, डाव्या फटीतून पाण्याची एक धार गालावरून चहात उतरली. त्यानं घोट गिळला. मग दुसरा. बशी तळापर्यंत नेली आणि जमिनीवर ठेवली, आवाज न करता.

उदयसिंगनं आपली भरलेली बशी उचलली आणि दिलावरच्या रिकाम्या बशीत अर्धी ओतली.

"घ्या उस्ताद," तो म्हणाला.

दिलावरनं तीही उचलली.