सुदामभाऊंनी न सांगितलेली सिलिकॉनची गोष्ट

सुदामभाऊ आज पहाटे गेले.

त्यांच्या नावावर एक चूक आहे. ती अर्धी माझी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाऊ मूळचे डिंगोऱ्याचे. घोडेगावात आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानाशेजारी त्यांचं गॅरेज होतं. तळेघर, भीमाशंकर भागातल्या बहुतेक जीपचं इंजिन काम भाऊंकडेच यायचं.

गोष्ट बरीच जुनी आहे; तेव्हा मोबाईलला वर डोंगरात रेंज नव्हती. हे लक्षात ठेवा.

तळेघरच्या लक्ष्मणची जीप इंजिनच्या कामाला आली होती. सगळं बांधून झालं, फक्त खालचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनचं तेल साठतं ते भांडं, बसवायचं राहिलं होतं. त्याचं पॅकिंग माझ्याकडे संपलेलं. पॅकिंगऐवजी इंजिनला लावतात ती राखाडी सिलिकॉनची ट्यूबही संपलेली.

मी दुकानातून पांढरी ट्यूब आणून दिली. खिडकीच्या काचांना, बेसिनला लावतात ती.

भाऊंनी टोपण काढून वास घेतला.

"पारसशेठ, ह्याला आंबूस वास येतोय. हे तेलात टिकंल का?"

"सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन, भाऊ. लावा."

मला माहीत नव्हतं. पण माहीत असल्यासारखं बोललो.

चेंबरची कड वाकडी होती, म्हणून थर जाड द्यावा लागला. नट आवळले तसं सिलिकॉन कडेनं बाहेर आलं. भाऊ ते बोटानं पुसत म्हणाले, "जेवढं भायेर दिसतं, तेवढंच आत गेलेलं असतं."

मग त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर त्याच ट्यूबची एक रेघ ओढली आणि तुकडा इंजिन ऑइलच्या डबीत बुडवून ठेवला. नवीन माल आला की ते असंच करायचे.

"लक्ष्मण, गाडी उद्या ने. सकाळी ही रेघ बघू, मग ने."

"उद्या बाजार हाय, भाऊ. गाडीवर माणसं ठरल्यात."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

लक्ष्मण गाडीकडे वळला तसं मी हळूच म्हणालो, "सुकलंय की. जाऊ द्या."

संध्याकाळी जीप वर गेली.

सकाळी सातला भाऊ माझ्या दारात. हातात तो पत्रा. रेघ फुगून दुप्पट झाली होती. त्यांनी अंगठा लावला, आणि ती सालीसारखी सुटून खाली पडली.

"मोटारसायकल काढा," एवढंच म्हणाले.

भाऊंना मागे घेऊन डिंभ्यापर्यंत मी गाडी दामटली.

पुढे एका चढावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्यावर तेलाचा ठिपका. बोट लावून बघितलं.

"नवं तेल हाय. कालचं."

अजून थोडं पुढे दुसरा. मग तिसरा. मग ठिपके जवळजवळ यायला लागले.

"तेल सांडलं तर कळतं तरी," भाऊ मागून म्हणाले. "मला आतल्याचं भ्या वाटतंय. सिलिकॉनचं तुकडं तेल ओढायच्या जाळीत बसलं तर तेल वर इंजिनात चढणार न्हाई. उतारावर इंजिन जाम झालं की ब्रेक दगडावानी व्हतो, दाबला जात न्हाई."

त्यानंतर प्रत्येक वळणावर मी हॉर्न वाजवला आणि कान लावला. समोरून जीप येईल असं वाटायचं. येत नव्हती. मग दरीकडच्या बाजूला बघायची हिंमत होत नव्हती.

घाट चढून वर आलो. खाली येणाऱ्या जीपला उतार जिथे सुरू होतो, त्याच्या जेमतेम दोनशे पावलं आधी ती समोर आली. आत-बाहेर मिळून अकरा माणसं. मागे दोघी म्हाताऱ्या, मांडीवर तांदळाची गाठोडी.

मी मोटारसायकल आडवी लावली.

"लक्ष्मण, तेलाची लाल लाईट लागलीय का?" भाऊंनी विचारलं.

"पहाटंपासून लुकलुकतीय. वायर ढिली असंल."

"बंद कर. आत्ता."

माणसं कुरकुरत उतरली. एक आजोबा भाऊंच्या तोंडावर म्हणाले, "मिस्त्री, बांधायला येत न्हाई तर घेता कशाला?"

भाऊ म्हणाले, "चुकलं माझं, बाबा."

मी शेजारी उभा होतो.



भाऊंनी तिथेच जीपखाली आडवं पडून चेंबर उतरवलं. तेल ओढणारी जाळी बोटानं खरवडली, तर पांढऱ्या फुगलेल्या तुकड्यांनी गच्च भरलेली. तळहातावर घेऊन लक्ष्मणला दाखवली. तो पुढच्या उताराकडे बघत राहिला आणि मग रस्त्यातच खाली बसला.

इंजिन भाऊंनी पुन्हा बांधून दिलं. पण अकरा माणसांनी अकरा ठिकाणी सांगितलं. वरच्या जीप दुरुस्तीला मंचरला जाऊ लागल्या. दोन वर्षं भाऊ मोटारसायकलींचे पंक्चर आणि ब्रेक करत होते. मी रोज काऊंटरवरून बघत होतो.

एकदा म्हणालो, "भाऊ, मी सांगतो लोकांना. ट्यूब माझी होती."

ते चाकाशी बसलेले. वर न बघता म्हणाले, "लावली मी. वास मला आला व्हता. तरी तुमचं ऐकलं. त्येला तुमी काय करणार?"

मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

हळूहळू कामं परत आली. सगळी नाही.

आज अंत्यविधीला लक्ष्मण आला होता. आता केस पांढरे झालेत त्याचे. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ट्यूब, वास, आणि "सुकलंय, जाऊ द्या" म्हणणारा कोण होता तेही.



तो म्हणाला, "शेठ, हे त्यांच्या जित्तेपणी सांगायचं व्हतं. मी पाच वर्षं त्यांच्या दारावरनं गाडी नेली, थांबलो न्हाई."

आणि तो चितेकडे गेला.

म्हणून इथे लिहितोय. तळेघर, डिंभे, घोडेगावची जी जी माणसं हे वाचतील, त्यांनी पुढे सांगा.

भाऊ, उशीर झाला. माफ करा.

तुम्हाला हात जोडून निरोप.