वहिनींची ढाबळ

माझ्या वहिनींइतकी हट्टी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. "हट्टी म्हणा, खुळी म्हणा, भावजी, पण आधी तो हातोडा इकडे द्या," हे त्यांचं उत्तर.

बावीस कबुतरं त्यांची. रस्ता रुंद करायचा म्हणून आमचं जुनं घर पाडलं आणि आम्ही गावाबाहेरच्या भाजीच्या मळ्यात राहायला आलो. सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर. मी सुतार. आठ दिवस खपून कबुतरांसाठी नवी ढाबळ बांधली. छातीइतक्या उंच खांबांवर, मांजर चढू नये म्हणून खांबांना गुळगुळीत पत्रा, सकाळचं ऊन येईल अशी जाळी, आणि आत प्रत्येक जोडीला दोन-दोन खोकी. एका खोक्यात पिल्लं वाढत असतानाच मादी दुसऱ्यात अंडी घालून मोकळी होते. कबुतरांचा संसार असा घाईचा असतो.

महिनाभर वहिनींनी त्यांना आत ठेवलं, आणि एका सकाळी खुशाल दार उघडलं. सगळीच्या सगळी उडाली ती थेट जुन्या घरी. घर कसलं, विटांचा ढीग! त्या ढिगावर रांगेनं बसली. दिवे लागायच्या सुमारास, त्यांना दिसेनासं झाल्यावर, वहिनी आणि मी टोपल्या घेऊन एकेक उचलत होतो. एकोणीस मिळाली. तिघांची नुसती पिसं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "विकून टाक." जाणकारांनी सांगितलं की जुनं कबूतर नव्या घराला लागत नाही, ती कोंडूनच ठेवायची, इथं जन्मलेली पिल्लं मात्र इथली होतात.

"पंख असलेल्याला जन्मभर कोंडायचं आणि वर म्हणायचं, मी पाळलंय?" वहिनी कडाडल्या. "मला नाही जमायचं. मी यांना इथली करून दाखवीन. नाही झाली, तर सगळी देऊन टाकीन. मग ढाबळीत कांदे भरा."

आणि बाई पेटली. पहाटे उठून आधी विष्ठा बघायची: घट्ट आहे की पातळ, हिरवी आहे का. पातळ दिसली की ते कबूतर वेगळ्या पिंजऱ्यात. पाणी दोनदा बदलायचं, भांडं रोज घासायचं. मका, वाटाणे, आणि वाटीत वाळू अन् चुना, नाहीतर अंड्याचं कवच धड होत नाही. आठवड्यातून एकदा परातीत आंघोळ. खालची घाण कुजवून वालाच्या वेलांना. मी आपला टोमणे मारायचो, "वहिनी, दादालाही परात द्या एखादी." त्या हसायच्या, पण हात चालूच.

त्यांचा डाव वेगळा होता. ओढायला घर पुरत नसेल, तर पिल्लं ओढतील. सगळ्यांचा म्होरक्या जमादार नावाचा जाडजूड नर. हा जिकडे जाईल तिकडे बाकीची. त्याची आणि राखाडीची जोडी अंड्यांवर बसली. दुपारी जमादार बसायचा, बाकी वेळ राखाडी. अठराव्या दिवशी पिल्लं निघाली, आणि ती बारा दिवसांची झाल्यावर वहिनींनी सकाळी जमादाराला दाणा दिला नाही. उपाशी असला की लवकर परतेल, हा हिशेब. राखाडी पिल्लांपाशी. जमादार एकटा बाहेर.

त्यानं तीन घिरट्या घातल्या आणि सरळ जुन्या घराची दिशा धरली.

"झालं! ये रे माझ्या मागल्या," मी म्हटलं. "थांबा, सायकल काढतो."

"सायकलला हात लावायचा नाही. आपण आणला तर तो आला असं होत नाही."

बारा वाजले, दोन वाजले. वहिनी वालाच्या ओळीत खुरपं घेऊन बसल्या होत्या, पण तण जागच्या जागी आणि मान वर. दादा म्हणाला, "मांजरांचं फावलं." "तुम्ही गप्प बसा हो!" असा आवाज आला की तो घरातच गेला. मला तर दादाचाच राग आला, आणि थोडा जमादाराचाही.

चार वाजता वहिनी उठल्या. चेहरा दगडासारखा. "भावजी, टोपल्या काढा. शब्द तो शब्द. उद्या सकाळी सगळी देऊन येऊ." मला म्हणायचं होतं, राहू द्या ना, कोंडून ठेवू. पण उठलो आणि टोपल्या झटकून ढाबळीपाशी मांडल्या.

पहिलं कबूतर धरायला हात आत घातला, तोच पत्र्यावर धप्प आवाज. जमादार!

फळीवर दाणे पसरलेले होते, पाणी होतं. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. छपरावरून फळीवर, फळीवरून खोक्यात. पिल्लांनी चोची त्याच्या चोचीत खुपसल्या आणि तो मान हलवत भरवायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होत्या.

"याला मी उपाशी सोडला होता. मग हा भरवतोय काय?"

एक दाणा खाली पडला. त्यांनी उचलून तळहातावर घेतला. गहू. आम्ही गहू घालत नाही. गहू घालायच्या त्या जुन्या घराशेजारच्या मावशी, रोज मूठ-मूठ. म्हणजे अजूनही त्या विटांवर टाकतात.

वहिनी उलट्या बादलीवर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मी गोंधळून म्हटलं, "अहो, आला ना तो! मग रडता कशाला?"

"भावजी," त्या म्हणाल्या, "तिकडे पोटभर मिळत होतं त्याला. तरी आला हो."

मग हाताच्या पाठीनं नाक पुसलं, उठल्या, आणि मला म्हणाल्या, "त्या टोपल्या मोडा आणि चुलीत घाला. उद्या राखाडीला सोडते."